मेहुण्याचं विमान आणि लंगडी

काचवाले दिवसभर लोकांच्या खिडक्यांना काचा बसवत आणि संध्याकाळ झाली की गच्चीवर कबुतरांत रमत. बायको कुरकुरायची, "या घरात मी कबुतरांच्या नंतर येते."

तिचा धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात राहून लिफ्ट विकायचा. कामासाठी दर महिन्याला विमानाने इकडे यायचा आणि बूट काढायच्या आधीच पन्नास मिनिटांत पोचल्याची टिमकी वाजवायचा. रस्त्याने यायचं तर डोंगराला वळसा घालून सव्वाचारशे किलोमीटर, सगळा दिवस मोडतो. विमानात म्हणे चहा संपेपर्यंत गाव येतं. एकदा जेवताना काचवाले शांतपणे म्हणाले, की सरळ गेलं तर हे अंतर अडीचशेसुद्धा भरत नाही, आणि सरळ वाट आमच्या लंगडीलाही ठाऊक आहे. लंगडी म्हणजे एका पायाने अधू असलेली करडी कबुतरी. हसता हसता मेहुण्याला ठसका लागला आणि तिथेच पैज ठरली, या घरी आधी कोण पोचतं, विमानाने मेहुणा की लंगडी.

काच आणणाऱ्या टेम्पोतून लंगडी करंडीत बसून मेहुण्याच्या घरी गेली. ठरल्या दिवशी सकाळी त्याने तिला गॅलरीतून सोडलं, तसा फोन केला आणि बॅग उचलून विमानतळ गाठला.

काचवाल्यांचा हिशोब चुकला नव्हता. तपासणीची रांग, उतरल्यावरची गर्दी, टॅक्सीची वाट बघणं, सगळं धरून पन्नास मिनिटांची दुपार झाली. पण मेहुणा दारात उभा राहिला, तेव्हा लंगडीचा पत्ता नव्हता.

"काय भाऊजी, तुमचं विमान लेट आहे वाटतं?" असं म्हणत तो गच्चीवर आला. काचवाले हसले नाहीत. कठड्याला टेकून डोंगराकडे बघत राहिले. मेहुण्याचा चेहरा हळूहळू उतरला. डोंगरावर काळे ढग होते, विमानसुद्धा गदागदा हलत होतं, हे त्याने बहिणीला हळूच सांगितलं.

मग तो गच्चीवरून हलेना. ताट वर आलं, तेही तसंच निवलं. ज्या कामासाठी आला होता, ती भेट त्याने फोन करून उद्यावर ढकलली. बहीण उन्हात छत्री धरून दोघांच्या मध्ये येऊन बसली. तिलाही खाली करमेना.

ऊन कलल्यावर मेहुण्यालाच ती आधी दिसली. पाण्याच्या टाकीवर उतरली, शेपटीचं एक पीस गमावलेली, आणि लंगडत लंगडत पाण्याकडे निघाली. मेहुण्याने भाऊजींना मिठीच मारली.

"पैज तू जिंकलास," काचवाले म्हणाले.

"कसली पैज, भाऊजी? मी बसून आलो. ती उडून आली."

जाताना त्याने एक पिल्लांची जोडी मागून घेतली. महिन्याभरात त्याच्या बायकोचा फोन आला, "वन्सं, तुमच्या भावाने माझ्या गॅलरीची काय दशा केली आहे ते एकदा येऊन बघाच."

मग नवराबायको खरंच गेले, तेही विमानाने. विमानतळावर न्यायला मेहुणा आला होता. प्रवास कसा झाला, वेळेत आलात का, यातलं त्याने काहीच विचारलं नाही. गाडीत बसल्या बसल्या सुरू झाला, की थोरलं पिल्लू काल समोरच्या इमारतीपर्यंत जाऊन परत आलं. काचवाल्यांनी बॅग मांडीवर घेतली आणि ते पुढे सरकून ऐकू लागले.