सोळा कॅसेटी आणि एक खोकला

ऑगस्टमधला पहिला सोमवार, १९९८. हजर: विद्यापीठाची वरिष्ठ लिपिक म्हणजे मी, किल्ल्यांचा जुडगा घेतलेला शिपाई, आणि दिवंगत संगीतकार अण्णांचे शिष्य, दादा. गैरहजर: खुद्द अण्णा. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती, पण दादांकडे पाहिलं की अण्णा जरा चहा प्यायला बाहेर गेलेत असंच वाटे. अण्णांच्या संग्रहालयाचा कारभार त्या दिवशी माझ्याकडे आला, आणि आठवड्याभरात माझी खात्री पटली, की या माणसाइतका निष्ठावंत आणि या माणसाइतका छळवादी राखणदार अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरा नसेल.

संग्रहालय म्हणजे ग्रंथालयामागच्या दोन खोल्या. त्यांत अण्णांच्या अकरा पेट्या, चार चष्मे, पानाचा डबा, आरामखुर्ची आणि बैलांच्या गळ्यातल्या घंटा. प्रत्येक घंटेचा सूर वेगळा म्हणून अण्णांनी त्या येवल्याकडच्या बाजारांतून हौसेनं जमवल्या होत्या. मी त्यांना नंबर दिले, ओळीनं मांडल्या. दुसऱ्या दिवशी चौदा नंबरची घंटा पहिल्या जागी. ‘दादा, ही इथे कशी?’ ‘बाई, तो षड्ज आहे. षड्ज चौदावा कसा येईल?’ पावसाळ्यात ते अण्णांची छत्री रोज सकाळी उघडून वाळत घालत. ती सहा वर्षांत एकदाही भिजली नव्हती. खुर्चीवर कुणी बसायचं नाही. एकदा पाहणीला आलेले अधिकारी टेकले, तर दादा त्यांच्यासमोर हात जोडून उभे राहिले आणि ते उठेपर्यंत हलले नाहीत. दादांनी उभी हयात सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात काढली होती. पहिली पाळी संपली की सायकल थेट अण्णांच्या दारात. ‘माझ्या हातून एकही रिजेक्ट माल फाटकाबाहेर गेला नाही,’ हे ते एखाद्या रागाचं नाव घ्यावं तसं कानाच्या पाळीला हात लावून सांगत.

संग्रहालयाचा खरा ऐवज म्हणजे सोळा कॅसेटी. अण्णा चाली कधी लिहीत नसत. अखेरच्या वर्षांतल्या चाली त्यांनी स्वतः गाऊन ठेवल्या होत्या. अण्णांचा आवाज एवढाच उरला होता. प्रत्येक कॅसेटीचं कार्ड मी टाइप केलं: ‘स्वर: स्वतः अण्णा.’ दर रविवारी संग्रहालय बंद ठेवून दादा एकटेच टेप आणि पेटी घेऊन बसत. देखभाल करतात, असं मी रजिस्टरात लिहीत गेले.

मग एकदा दिंडोरीचे एक द्राक्षबागाईतदार बायकोला घेऊन आले. मी त्यांना कॅसेट लावून दिली. दोन ओळी ऐकून ते मान हलवू लागले. ‘लय गोड हाय म्याडम, पण हे अण्णा नाय.’

‘अहो, कार्ड वाचा की!’

‘कार्डाचं ऱ्हाऊ द्या. अण्णा शेवटी आमच्या गावात गायले, तव्हा ओळीमधी खोकायचे. हा मानूस येकदा बी खोकला नाय.’

मी दादांकडे पाहिलं. ते घंटा पुसत होते. मंडळी गेल्यावर विचारलं, ‘दादा, हे कोण गातंय?’

‘अण्णांचा सूर उतरला होता, बाई. श्वास पुरायचा नाही. पंचम लागायचाच नाही. लोक हसले असते.’

‘म्हणून पुसलंत?’

‘पुसलं नाही, दुरुस्त केलं. चाल तीच, शब्द तेच.’

‘फक्त गळा तुमचा. किती कॅसेटी?’

‘सगळ्या. रिजेक्ट माल, बाई. फाटकाबाहेर कसा सोडणार?’

सोळाच्या सोळा. मी मिळेल तिथे बसले. ती अण्णांची खुर्ची होती. त्या दिवशी दादांनी मला उठवलं नाही. एवढंच म्हणाले, ‘मी आहे तोवर कार्डं बदलू नका. अण्णांची अब्रू आहे.’ चुकीची नोंद मी आयुष्यात एक दिवसही राहू दिलेली नाही. ही राहू दिली.

दादा २००५ मध्ये गेले. त्याच आठवड्यात मी त्यांच्या नावाची सोळा नवी कार्डं टाइप केली आणि बदलण्याआधी, रीत म्हणून, सगळ्या कॅसेटी ऐकल्या. केसाइतकीही चूक नाही. ऐकवेना. सोळाव्या कॅसेटीत गाणं संपतं, टेप थोडा वेळ नुसतीच सरकते आणि मग एक खोकला येतो. एकच. अण्णांचा, की दादांचा? अखेरच्या दोन वर्षांत दादाही खोकत होते. सांगू शकेल असा माणूस मला एकच ठाऊक आहे. त्यांचा पत्ता अभिप्रायाच्या वहीत आहे.

नवी कार्डं माझ्या खणात आहेत, जुनी काचेखाली. दर सोमवारी मी कामांची नवी यादी करते. बाकीच्या कामांपुढे आठवडाभरात खुणा होतात. ‘टेप घेऊन दिंडोरीला जाणे, खोकला ऐकवणे’ हे काम तेवढं मी पुढच्या पानावर उतरवून घेते आणि त्यापुढे एसटीची वेळही लिहिते.