आपल्या मताचा आदर आहे

धाकटी कात्री यंदा बासष्टची झाली, तरी तिला धाकटीच म्हणायला हवं, कारण मोठी कात्री म्हणजे दुसरी बाई. गणवेश शिवणाऱ्या एका खात्यात या दोघी कापणीच्या लांबलचक टेबलाशी एकोणीस वर्षं समोरासमोर उभ्या होत्या. बाकीच्या बायका मशीनवर बसायच्या. कापडाला कात्री लावायचा मान या दोघींचा. कुणीतरी थट्टेनं ठेवलेली नावं मग जन्माची चिकटली.

मोठीला बोलण्याचा कंटाळा. "धर." "फिरव." "खडू दे." एवढ्यावर तिचा दिवस निघायचा. धाकटी मात्र बोलघेवडी, सकाळी तोंड उघडलं की सुट्टीच्या घंटेलाच मिटायची. मोठीनं कधी तिला गप्प बस म्हटलं नाही, की कधी शाबासकीही दिली नाही. नवा नमुना कच्च्या टाक्यांनी जोडून झाला की तो धाकटीच्या अंगावर चढवायचा आणि म्हणायचं, "आधी स्वतःचा हात वर करून बघ." हात वर केल्यावर कापड ओढलं गेलं तर सगळं उसवायचं, पुन्हा पहिल्यापासून. धाकटीनं त्या वाक्याचा इतका धसका घेतला होता की घरी पंख्यावरची धूळ पुसायला हात वर केला तरी तिला ते ऐकू यायचं.

एकदा इस्पितळातल्या परिचारिकांचे गणवेश परत आले. रोगी उचलताना बाह्या बगलेत फाटायच्या. मोठी तीन दिवस कुणाशी बोलली नाही, म्हणजे नेहमीपेक्षाही कमी बोलली. चौथ्या दिवशी तिनं उरलेल्या कापडातून एक तुकडा कापला, दोन्ही टोकांना निमुळता, झाडाच्या पानासारखा, आणि तो बगलेत बसवला. धाकटीनं हात वर केला. कापड जागचं हललं नाही. मोठी एवढंच म्हणाली, "हं." पुढे हजारो गणवेशांत ते पान बसलं. दरवेळी पान कापायचं मोठीनं आणि टाचणीनं लावायचं धाकटीनं. कुणाचं नाव वगैरे काही झालं नाही. कापडावर कोण कुणाचं नाव लिहितं?

मग खातं बंद पडलं. दोघी आपापल्या घरी गेल्या. पहिल्या वर्षी आठवड्याला फोन व्हायचा, मग महिन्याला, मग "उद्या करते" म्हणता म्हणता अकरा वर्षं सरली. भांडण झालं असतं तर परवडलं असतं. भांडण निदान लक्षात तरी राहतं.

घरी बसून धाकटीला करमेना. नवरा तिचं बोलणं एका कानानं ऐकायचा, तोही बऱ्याचदा बहिरा असलेला कान. शेवटी भाचीनं तिला एक ब्लॉग काढून दिला. "मावशी, इथे बोल हवं तेवढं." धाकटी तिथे बाही कशी कापायची, गळा कसा कोरायचा, हे लिहू लागली. आणि लोक वाचू लागले! अनोळखी बायका तिला काकू म्हणू लागल्या. जन्मभर जिनं दुसऱ्याच्या हाताखाली काम केलं, तिला माणसं अदबीनं विचारू लागली, "काकू, खांदा उतरता असेल तर काय करायचं?" तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं, यात तिचा काय दोष?

दोष पुढे झाला. मान मिळाला की माणूस आधी नियम करतं. धाकटीनं ब्लॉगच्या माथ्यावर कमेंट लिहिणाऱ्यांसाठी नियम टांगले. नाव लिहिल्याशिवाय कमेंट छापली जाणार नाही. कुणाला अरेतुरे करायचं नाही. चूक दाखवायची तर आधी चांगलं काय ते सांगावं. स्वतःसाठीही तिनं एक नियम घातला: ज्यानं लिहिलं त्याला त्याच दिवशी उत्तर. तो तिनं तापात फणफणत असतानासुद्धा पाळला. कौतुकाला उत्तर असायचं, "आभारी आहे." वाकड्या माणसालाही, "आपल्या मताचा आदर आहे. आभारी आहे." भाची म्हणायची, मावशी, तुझ्याकडून शिकावं.

तिसऱ्या वर्षी तिनं त्या पानावर लिहिलं. पहिल्या खर्ड्यात वाक्य होतं, "आमच्या खात्यात माझ्या वरच्या ताईंनी शोधलेली युक्ती." वाक्य लांब वाटलं. तिनं "माझ्या वरच्या ताईंनी" काढलं. मग "आमच्या खात्यात" काढलं. शेवटी उरलं, "माझी युक्ती." कात्री चालवायची सवयच होती तिला. वर तिनं पानाची सुबक आकृती काढून दिली, आठवणीतून. दोनशे जणींनी वाहवा केली.

आठवड्यानं एक कमेंट आली. नाव नव्हतं.

"पान सरळ कापलंस. फाटेल. उरेब काप. आधी स्वतःचा हात वर करून बघ. आणि हे तुझं नाही."

धाकटीचा तिळपापड झाला. नाव नाही, गाव नाही, चांगलं काही सांगणं नाही आणि वर अरेतुरे! चार ओळींत सगळे नियम मोडलेले. नियमाप्रमाणे ती कमेंट न छापता टाकून द्यायला हवी होती. तेवढं केलं असतं तरी पुढचं टळलं असतं. पण तिला वाटलं, लोकांनाही कळू दे असली माणसं कशी असतात. तिनं ती छापली आणि खाली उत्तर लिहिलं:

"दुसऱ्याच्या दारात येताना नाव सांगायची पद्धत असते. आपण ती पाळलेली नाही. तरीही आपल्या मताचा आदर आहे. आभारी आहे."

बायका खूश. "काकू, काय सणसणीत दिलीत!" "कुणाचं भलं बघवत नाही एकेकाला." "बिननावाचे शूर!" बघता बघता त्रेचाळीस जणी त्या बिननावाच्या माणसावर तुटून पडल्या. एकीनं लिहिलं, "हात वर करून बघ म्हणे! याचाच हात वर होत नसेल बिचाऱ्याचा." त्याच्याखाली धाकटीनं हसरा चेहरा टाकला आणि लिहिलं, "असेलही!" संध्याकाळी भाजी निवडताना ते आठवून ती पुन्हा एकदा हसली. हे मी मुद्दाम सांगतो आहे. तिला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं.

सात महिने गेले. मग नाव लिहून, नमस्कार करून, आधी दोन ओळी कौतुक करून एका बाईची कमेंट आली. त्या एका वृद्धाश्रमात काम करत. "काकू, तुमच्या आकृतीवरून बारा जणींचे गणवेश शिवले. सगळ्यांची पानं फाटली. माझं काही चुकलं का?"

धाकटीनं घरातलं जुनं कापड काढलं, आपल्याच आकृतीवरून पान कापलं, जुन्या झग्याच्या बगलेत ते टाके घालून बसवलं, झगा अंगात चढवला आणि हात वर केला. बगलेत कर्र झालं.

ती तशीच आरशासमोर उभी राहिली, एक हात वर. आणि तिला मोठीचे हात दिसले. पान कापण्याआधी मोठी कापड टेबलावर तिरकं फिरवायची, एका कोपऱ्याला धरून. उरेब. ताण आला की तिरकं कापड जरा सैल पडतं, सरळ कापड फाटतं. एकोणीस वर्षं हे समोर घडत होतं आणि धाकटी तेव्हा बोलत होती.

तिनं जुनी पोस्ट उघडली. ती पाच वाक्यं पुन्हा वाचली. जगात एकच माणूस असं बोलायचं. तिला जगात अरेतुरे करून काम शिकवणारं माणूस तरी दुसरं कोण होतं?

"अगं बाई," ती खुर्चीत बसत म्हणाली, "ताई होत्या गं त्या." त्या वेळी घरात ऐकायला कुणी नव्हतं.

आता तिला एकच हवं होतं. मोठीनं एकदा, फक्त एकदा, नेहमीच्या आवाजात म्हणावं, "मूर्ख आहेस. धर खडू." दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोन बस बदलून मोठीच्या घरी गेली. पिशवीत दुरुस्त केलेलं पान होतं, उरेब कापलेलं. वाटेत तिनं बोलायचं सगळं ठरवलं. पाय धरीन, शिव्या घाला म्हणेन, ताई एवढ्या मनाच्या कोत्या नाहीत.

दार सुनेनं उघडलं. धाकटीनं आपण कोण ते सांगितलं. सुनेचा चेहरा उतरला.

"म्हणजे तो ब्लॉग तुमचा?"

"हो. मला त्यांची क्षमा मागायची आहे."

सून दारातच थांबली. मग हळू आवाजात म्हणाली, "आईंना दीड वर्षापूर्वी झटका आला. उजवी बाजू गेली. दिवसभर पडून असतात, म्हणून मी फोनवर काहीबाही दाखवते. तुमचं पान दाखवलं, तर इतक्या खूश झाल्या! म्हणाल्या, आमची धाकटी आहे ही. मग सगळी दुपार डाव्या हाताच्या एका बोटानं लिहीत बसल्या. मी म्हटलं, आई, नाव लिहा. तर म्हणाल्या, नाव कशाला, ती ओळखेल."

धाकटीनं चौकट धरली.

"रोज विचारायच्या, आलं का उत्तर. आलं तसं मी वाचून दाखवलं. मी थांबणार होते, पण त्या म्हणाल्या, खालचंही वाच. सगळं वाच."

"सगळं?"

"सगळं. ते हाताचंही."

आत खिडकीशी पलंग होता. उशाशी गोळ्यांची पाकिटं, पाण्याचं भांडं. मोठी भिंतीला टेकून बसली होती. तिचा उजवा हात मांडीवरच्या उशीवर ठेवलेला होता, कुणीतरी आणून ठेवल्यासारखा. तिनं धाकटीकडे पाहिलं. ओळख पटली, यात शंका नव्हती.

"ताई," धाकटी पलंगापाशी खाली बसली. ठरवलेलं सगळं विसरली. "ताई, मी चुकले हो. मला कळलंच नाही. पान तुमचंच. मी आजच लिहिते तसं, तुमच्या नावानं लिहिते. हे बघा, उरेब कापून आणलंय. तुम्ही बोला ना मला काहीतरी. काहीही बोला."

तिनं पान पलंगावर ठेवलं. मोठीनं डाव्या हातानं ते उचललं, दोन बोटांत धरून ताणून पाहिलं. कापड बरोबर सैल पडलं. धाकटीला वाटलं, आता "हं" म्हणतील.

झटक्यानंतर मोठीचं बोलणं जड झालं होतं. एकेक शब्द ओढून आणावा लागत होता.

"आपल्या... मताचा... आदर आहे," ती म्हणाली. थोडं थांबली. "आभारी आहे."

पान तिनं धाकटीच्या हातात परत दिलं, आणि तोंड भिंतीकडे केलं. "आई, असं काय करता," सून म्हणाली. आईंनी मान वळवली नाही. धाकटीनं पान पिशवीत ठेवलं. मग सुनेनं तिला पाणी दिलं आणि दारापर्यंत सोडलं.

घरी येऊन तिनं खरं ते सगळं लिहिलं. पान कुणाचं, आकृतीत चूक काय, कमेंट कुणाची होती, आपण कसं वागलो, काही लपवलं नाही. वृद्धाश्रमातल्या बाईंची वेगळी माफी मागितली. दुपारपर्यंत दीडशे कमेंट आल्या. "काकू, केवढं मोठं मन तुमचं!" "चूक कबूल करायलाही धैर्य लागतं." "रडवलंत काकू." सात महिन्यांपूर्वी तुटून पडलेल्या त्या याच. हातावर विनोद करणारीनं तर बदाम पाठवला होता. धाकटीनं त्यातल्या एकीलाही उत्तर दिलं नाही. "आभारी आहे" एवढं लिहायला तिचं बोट उचलेना.

तिनं माथ्यावरचे नियम काढून टाकले. नाव न लिहिताही कुणालाही लिहिता येईल, असं भाचीकडून करून घेतलं. मग जुनी पोस्ट उघडून ती एकेक कमेंट पुसत बसली. त्रेचाळीस होत्या. सणसणीत पुसली, बिननावाचे शूर पुसली, हाताची पुसली, आपला हसरा चेहरा पुसला, आपलं उत्तरही पुसलं. पुसताना तिला पक्कं ठाऊक होतं की याचा काही उपयोग नाही. जिनं ऐकायचं तिनं ते मोठ्यानं वाचून घेतलेलं होतं.

शेवटी ती पाच वाक्यं एकटी उरली, पहिल्या दिवशी होती तशी. त्याखाली तिनं तेवढं लिहिलं, जेवढं त्या दिवशी लिहिलं असतं तर पुरलं असतं.

"ताई, तुम्हीच ना?"

भाची म्हणते, मावशी, इतकी जुनी पोस्ट कोण उघडून बघतं. धाकटी रोज उघडते. दुपारचं आवरलं की चष्मा पुसून बसते, आणि खाली काही आलंय का बघते. परवा सुनेचा फोन आला, दहावा झाला म्हणून सांगायला. धाकटीनं विचारलं, ताईंना मी शेवटी लिहिलेलं ते दाखवलं होतं का. सून म्हणाली, दाखवायला गेले होते दोनदा. आईंनी फोन हातानं बाजूला सारला.