प्रफुल्लने दिलेला शेवटचा शब्द

प्रफुल्ल काल गेला. तो आजारी होता हे मला आज कळलं.

नाही, असं नाही. त्याच्या बायकोच्या मते मला ते वर्षभर माहीत होतं.

डोक्यात नुसता गोंधळ आहे, म्हणून लिहितोय.

आम्ही दोघं विदर्भातले. तो वर्ध्याचा, मी भंडाऱ्याचा. इंजिनिअरिंग करून पुण्यात आलो तेव्हा आयटीची भरती जोरात चालू होती. आम्हीही जोरात नापास होत होतो. लेखी परीक्षा पास, इंटरव्ह्यूत आउट.

कारण एकच. इंग्लिश.

वारज्यात एका काकूंच्या वरच्या खोलीत राहायचो. डेक्कनला स्पोकन इंग्लिशचा क्लास लावला. तिथल्या मॅडम रोज नवे शब्द द्यायच्या आणि बजावायच्या, "पाठ करू नका. वाक्यात वापरा. आणि वाक्य तुमच्या स्वतःच्या आयुष्यातलं हवं."

मी तरीही "द किंग वॉज जनरस" छाप वाक्यं करायचो. भंडाऱ्यात कुठला किंग?

प्रफुल्लने मात्र ते मनावर घेतलं. शिकलेला शब्द तो त्याच दिवशी कुणावर तरी वापरायचाच.

'स्केअर्स' म्हणजे दुर्मीळ हे शिकला तेव्हा काकूंना म्हणाला, "काकू, वॉटर इज व्हेरी स्केअर्स टुडे."

काकू म्हणाल्या, "अहो, पाणी सकाळी येतं. इंग्रजीत मागितलंत तरी सकाळीच येणार."

बसच्या कंडक्टरला 'रिलक्टंट', म्हणजे नाखूष, म्हणाला. कंडक्टरने पुढच्या स्टॉपला आम्हा दोघांनाही उतरवलं.

मी वैतागायचो. "अबे, लोक हसून राहिले आपल्यावर."

"हसू दे ना बे. शब्द तर बसला!"

मग एका इंटरव्ह्यूत त्याला घरच्यांबद्दल विचारलं. हा म्हणाला, "माय फादर इज बेडरिडन. माय मदर इज रेझिलिअंट. आय अॅम अँक्शस."

त्या आठवड्याचे तीन शब्द. तिन्ही वाक्यं खरी. वडील खरंच अंथरुणावर होते, आई एकटी सगळं रेटत होती आणि हा खरंच घाबरलेला होता.

समोरच्या साहेबांनी म्हणे फाइल बाजूला ठेवली. मग त्यांनी त्याला पाणी दिलं. आणि नोकरी.

पुढे मलाही मिळाली. मी बंगळुरूला गेलो, तो पुण्यातच राहिला. लग्नं झाली, फोन कमी झाले. पण मधूनच त्याचा यायचा. हॅलो नाही, कसा आहेस नाही.

"नवीन शब्द. वाक्य कर."

गेल्या वर्षी असाच आला. मी मीटिंगला निघालो होतो.

"रेमिशन. कर वाक्य."

मला एकच अर्थ माहीत होता, कैद्याला शिक्षेत मिळते ती सूट. म्हटलं, "द प्रिझनर गॉट रेमिशन."

"तुझ्या ओळखीचा कोन जेलात आहे बे? खरं वाक्य पाहिजे."

"मग तू कर."

तो म्हणाला, "आय अॅम इन रेमिशन."

मी म्हटलं, "म्हणजे वहिनी माहेरी गेल्या वाटतं!"

तो हसला. खूप वेळ हसला. मग म्हणाला, "बरोबर बे. एकदम बरोबर."

मीटिंग सुरू झाली. मी फोन ठेवला.

आज सकाळी त्याच्या घरी पोचलो तेव्हा कळलं. रक्ताचा कॅन्सर. मध्ये तो ओसरला होता, डॉक्टर त्याला रेमिशन म्हणतात. नंतर उलटला.

वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "रिपोर्ट चांगला आला तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी तुम्हाला फोन केला. मला म्हणाले, नीलेशला सांगितलं मी. पुढे दुखणं वाढलं तर म्हणायचे, येईल तो, कामात असेल. एकदाही आला नाहीत हो, भाऊजी."

"मला त्याने सांगितलंच नाही" म्हणावं, तर तो त्यांच्याशी खोटं बोलला असं होतं. आजच्या दिवशी. आणि तो खोटं बोलला नव्हताच. शब्द बरोबर होता, वाक्य बरोबर होतं.

मी म्हटलं, "चुकलं वहिनी."

त्या आत जाऊन आल्या. पाण्याचा ग्लास पुढे केला.

तेव्हापासून तोच फोन डोक्यात फिरतोय. त्याने मला सांगितलं आणि मला कळलं नाही? की मला कळू नये असंच त्याने सांगितलं? सगळेजण जपून बोलत असताना एकाने तरी आपली नेहमीसारखी चेष्टा करावी, एवढंच त्याला हवं होतं का?

मग वहिनींना तसं का सांगितलं?

त्याच्यावर रागवावं की त्याची माफी मागावी, काही कळत नाही. दोन्ही करायला तो हवा होता.

उद्या पुन्हा वहिनींकडे जाणार आहे. काय बोलायचं ते ठरलेलं नाही. पण जाणार आहे.

प्रफुल्ल, नीट जा मित्रा.