कमानीतला गूळ

नव्वदच्या दशकातल्या एका पावसाळ्यात आमच्या चर्चच्या मोठ्या दाराची कमान भेगाळली आणि पंचांना सिमेंटची स्वप्नं पडू लागली. गाव पन्हाळ्याच्या पायथ्याचं. चर्च मिशनऱ्यांच्या काळातलं, इथल्याच काळ्या दगडाचं. माझे आईवडील त्याच कमानीखालून नवराबायको होऊन बाहेर पडले होते. पुढची भिंत पाडून स्लॅब टाकायचा ठराव आला, तशी मी उभी राहून भांडले. शाळेत बाई असल्यामुळे आवाज कमवलेला होताच. शेवटी पंच म्हणाले, टेकू लावून दुरुस्त करून बघा; झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधल्या रविवारी, टेकू काढल्यावर कमान उभी राहिली तर राहू दे, नाही तर सोमवारी पहार.

मी बौद्धवाड्यातल्या गवंडीमामांना गाठलं. चुन्याचं जुनं काम जाणणारे पंचक्रोशीत ते एकटेच उरले होते. त्यांनी दगड ठोकून बघितले आणि सांगितलं, दगडाला काही झालेलं नाही, सांध्यातला चुना गेलाय. नवा चुना वाळू घालून घाणीत, म्हणजे दगडी चाकाखालच्या गोल चरात, मळायचा आणि प्रत्येक खेपेला मूठभर गुळाचं पाणी द्यायचं. मूठभर, हे त्यांनी दोनदा बजावलं.

गुळाच्या बाबतीत कोल्हापूरकर हात आखडता घेणार थोडाच. मी उपासनेनंतर नुसता विषय काढला, आणि गुऱ्हाळांचे दिवस असल्यामुळे दुसऱ्या दिवशी घराघरातून ढेपा आल्या. प्रत्येकीला आपलाच गूळ देवाच्या घराला लागायला हवा होता. मामा नेमके भाचीच्या लग्नाला गेलेले. कुणाला नाही म्हणायचं? मी शहाणीनं सगळा गूळ घाणीत ओतला आणि गड्यांकडून तोच माल कमानीत भरून घेतला.

तीन आठवडे झाले तरी चुना आवळेना. बोट दाबलं की आत जाई, आणि वर मुंग्यांची रांग लागलेली. पंच बघून गेले, हसून गेले. गावाहून परतलेल्या मामांनी कणभर माल जिभेवर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"बाई, चुन्यात गूळ घालत्यात. तुमी गुळात चुना घातलासा."

पंचांपुढे मात्र त्यांनी आपलंच माप चुकलं म्हणून सांगितलं. जन्मभर कमावलेलं नाव त्यांनी माझ्यापायी मातीत घातलं, आणि मी तोंड मिटून बसले. त्या आठवड्यात मला घास गोड लागला नाही. रविवारी भर उपासनेत उभी राहिले आणि सांगून टाकलं की गूळ मी ओतला, मामांनी नव्हे. माझ्या वर्गातली मुलं समोरच बसली होती. लाज वाटली, पण छातीवरचं ओझं उतरलं.

मग तोड मामांनीच काढली. सगळा माल खरवडून टाकला. घरटी गूळ पुन्हा आणायचा, पण चिमूटभर. अशा चिमटी एकत्र करून प्रत्येक खेपेसाठी एकेक मूठ भरली. कुणाचाच गूळ वगळला गेला नाही आणि चुना दगडासारखा बसला.

झावळ्यांच्या रविवारी सगळी मंडळी झावळ्या घेऊन, मिरवणुकीनं आत जायला, बाहेर उभी होती. मामा सरळ कमानीखाली गेले आणि गड्यांना टेकू काढायला सांगितलं. चर्चचे पाळकसाहेब त्यांना बाजूला व्हा म्हणाले.

"मी बांधलीया. पडली तर पयली माझ्यावर पडंल."

मी जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले. टेकू निघाले. वरून एक खडासुद्धा पडला नाही.

होसान्नाचा असा गजर उठला की समोरच्या वडावरचे कावळे उडाले. मला रडू आवरेना. मामा मिरवणुकीला वाट देण्यासाठी बाजूला सरकायला लागले, तेवढ्यात सिमेंटसाठी सगळ्यात जास्त भांडलेले पंच पुढे आले. त्यांनी आपली झावळी मामांच्या हातात दिली.

"म्होरं व्हा, मामा. दार तुमचं हाय."

आणि सगळी मंडळी गवंडीमामांच्या मागून आत गेली.