सगळ्यात वरची चौकट

डागवाल्याला खऱ्या नावानं हाक मारणारं आता ताई सोडून कुणी उरलं नव्हतं. साबण-फिनेलच्या दुकानात त्याची उमेदीची वर्षं गेली. दुकान बंद पडलं तेव्हा हाती राहिली ती फक्त डोक्यातली माहिती: शाईचा डाग कशानं जातो, गंजाचा कशानं, आणि कुठला डाग जन्मात जात नाही. ती त्यानं एका वेबसाइटवर लिहून काढली. स्वयंपाकघर आणि बाल्कनी यांच्यामधल्या बोळकांडीत त्याचं टेबल होतं. पाठीमागे वॉशिंग मशीन घरघरायचं, समोर नुसती भिंत. तिथं बसून तो शिकला की लिहिणं सोपं असतं, सापडणं अवघड असतं.

लोक इंटरनेटवर काही शोधतात तेव्हा कोण वर दिसणार आणि कोण तळाशी जाणार, हे ठरवणाऱ्या त्या अदृश्य यंत्रणेला तो 'मालक' म्हणायचा. या मालकाला तोंड नव्हतं. तो शाबासकी देत नसे, शिव्याही देत नसे. एखाद्या सकाळी उठून बघावं तर आपण कुठल्या कुठे गेलेलो. विचारायचं कुणाला? म्हणून वेबसाइटवाल्यांचा फोनवर एक ग्रुप होता. तिथं सगळे एकमेकांना विचारत आणि कुणालाच काही ठाऊक नसे.

ग्रुपात त्याचा एक कायमचा वैरी होता. तोही साफसफाईवरच वेबसाइट चालवायचा आणि कायम दुसरा यायचा, म्हणून सगळे त्याला 'दोन नंबर' म्हणत. गेल्या काही दिवसांत दोन नंबरच पुढे गेला होता आणि तरी नाव बदलायला कुणी तयार नव्हतं.

"डागवाले, मालकाला निबंध आवडत नाहीत," तोच एकदा मोठ्या मनानं म्हणाला होता. "पायऱ्या पाडा. छोटी वाक्यं, एकाखाली एक. गिळायला सोपं पाहिजे."

डागवाल्यानं ते मनावर घेतलं आणि जुनी पानं फोडायला बसला. संडास साफ करण्याच्या पानावर एक लांबलचक परिच्छेद होता. ब्लीच आणि ॲसिड एकत्र ओतलं की विषारी वायू सुटतो, लोक ही चूक कशी करतात, हे त्यात होतं. त्यानं वर लाल शीर्षक दिलं, 'हे कधीही करू नका', आणि खाली त्या चुकीच्या सुटसुटीत पायऱ्या लावल्या. पान देखणं झालं.

एका दुपारी ग्रुपात एकदम गलका झाला. मालकानं डागवाल्याचं पान उचललं होतं. नुसतं पहिल्या जागी ठेवलं नव्हतं, तर त्यातला मजकूर काढून सगळ्यांच्या वर, ठळक चौकटीत, उत्तर म्हणून मांडला होता. तिथं पोचायला माणसं झुरतात.

"पार्टी कधी?" एकानं विचारलं.

"मी उपास धरतो," दोन नंबरनं लिहिलं.

डागवाल्यानं स्वतः बघण्याआधी ताईला फोन लावला. आयुष्यात काहीही बरं घडलं की आधी तिला सांगायचं, ही लहानपणची सवय.

"ताई, शोध ना, संडास कसा साफ करायचा. सगळ्यात वर कोण आहे बघ."

"मी आता संडासच घासायला घेतलाय आणि तुला हे सुचतंय. थांब, चष्मा आणते." मग ती शाळेत धडा वाचावा तशी वाचू लागली. "पायरी एक. भांड्यात ब्लीच ओता. हे तर ओतलंच मी. पायरी दोन. त्यावर ॲसिड घाला. पायरी तीन. वास घरात पसरू नये म्हणून दार लावून..."

"वरचं वाच! त्याच्या वर काय आहे?"

"वर काही नाही रे."

लाल शीर्षक मालकानं घेतलंच नव्हतं. फक्त पायऱ्या उचलल्या होत्या.

"ताई, काही ओतू नकोस! दार उघड, खिडकी उघड, बाहेर ये!"

"ओरडतोस काय? तूच लिहिलंस ना हे?"

"ओतलंस का?"

"बाटली हातात आहे. ठेवते. ठेवली. अरे, रडतोयस की काय तू?"

तिनं बाटली खाली ठेवल्याचा आवाज त्यानं ऐकला. ताईला फोन लावता आला. बाकीच्यांना?

त्यानं वेबसाइटचं मोजणीचं पान उघडलं. चौकटीवर बोट ठेवून आत येणारा प्रत्येक माणूस तिथं हिरवा ठिपका होऊन दिसत असे. आज ठिपक्यांचा नुसता पाऊस होता. एरवी तो हरखून गेला असता. आता प्रत्येक ठिपक्यामागे त्याला एक बंद दार दिसू लागलं, आणि दाराआड वाकलेलं एक माणूस. शिवाय हे तर आत येऊन खालपर्यंत वाचणारे. चौकट वाचून तिथूनच कामाला लागलेल्यांचा ठिपकाही उमटत नव्हता.

त्यानं घाईघाईनं संडासाचं ते पान वेबसाइटवरून उडवून टाकलं. मग पुन्हा शोधून पाहिलं. चौकट जागच्या जागी. मालक पान एकदा वाचून जातो आणि पुन्हा कधी फिरकेल ते त्याचं त्याला माहीत. तोवर तो जुनंच दाखवत बसतो. आणि आता बोट ठेवलं की पुढे कोरं पान. म्हणजे आत येऊन ज्यांना निदान लाल शीर्षक दिसलं असतं, त्यांच्यापुढूनही त्यानं ते काढून घेतलं होतं.

"अहो, काय झालंय?" बायको ओले हात पुसत दारात उभी होती.

"मी लोकांना मारतोय," तो म्हणाला.

तिनं सगळं ऐकलं आणि शेजारी स्टूल ओढून बसली. "आधी ते पान परत आणा. वर काही सजावट नको. 'थांबा, विष आहे' एवढंच, मोठ्ठं."

पान परत आलं. मग त्यानं ग्रुपात लिहिलं: चौकट चुकीची आहे, तिच्याखाली तक्रारीची बारीक ओळ आहे, सगळ्यांनी दाबा, हात जोडतो. मला खाली ओढा.

मग दोन नंबरचा फोन आला.

"डागवाले, तुम्हाला खाली ओढायचं म्हणजे माझं जन्माचं स्वप्न. तुम्ही सांगायची गरज नव्हती." मग त्याचा आवाज उतरला. "पायऱ्या पाडायला मीच सांगितलं होतं ना? बायको, मेहुणा, ऑफिसातली झाडून सगळी माणसं बसवलीत तक्रार करायला. तुम्ही धीर धरा."

संध्याकाळी चौकट नाहीशी झाली. तिच्या जागी दोन नंबरचं पान आलं. डागवाला त्या दिवशी खूप खाली गेला आणि ग्रुपात कुणीही चेष्टा केली नाही.

ठिपके विझत गेले. एक मात्र राहिला. दुपारी चौकटीतून आत आलेला, पान कोरं होतं तेव्हाचा. तेव्हापासून तो हलला नव्हता. ना पुढे, ना मागे.

"फोन ठेवून विसरलं असेल कुणी," बायको म्हणाली. "मी नाही का गॅसजवळ विसरत?"

"असेल."

"मग उठा, जेवून घ्या."

तो उठला नाही. त्या ठिपक्याला नाव नव्हतं, पत्ता नव्हता, हाक पोचेल असं काहीच नव्हतं. त्याला वाटलं, आता हा विझावा. विझला की समजेल, कुणीतरी फोन उचलला. आणि लगेच वाटलं, फोनची बॅटरी संपली तरी तो असाच विझेल. त्यातलं काय झालं, हे इथं बसून कधीच कळणार नव्हतं.

बायकोनं ताट तिथंच आणलं. तो पडद्यावरची नजर न काढता जेवला. काय जेवला ते त्याला आठवलं नाही. मध्येच कधीतरी त्यानं घास घ्यायला मान खाली घातली, आणि वर पाहिलं तर ठिपका नव्हता.