साताची टाळी

रॉक संगीत हे आरामखुर्चीत बसून, पाय स्टुलावर ठेवून, शक्यतो वरणभात पोटात गेल्यावर ऐकायचं असतं असं मानणारा माणूस या पृथ्वीवर एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघावा हा माझ्या पत्रिकेतला योग आहे. त्याला कुणी काही करू शकत नाही. आमचे साडू कर्वेनगरात राहतात, विम्याच्या कचेरीत काम करतात आणि सुट्टीच्या दिवशी काळा टीशर्ट घालतात. टीशर्टवर कवटी असते, कवटीतून ज्वाळा निघत असतात, आणि त्या टीशर्टच्या बाहीला इस्त्रीची कडक घडी असते. शिवाय तो पँटमध्ये खोचलेला असतो. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा आमटीपाठोपाठ त्यांनी गिटार वाढली. भिंतीवरचं घड्याळ थरथरत होतं. साडू डोळे मिटून खुर्चीत पडलेले. मला वाटलं लागला बुवा डोळा, म्हणून आवाज कमी करायला मी हळूच उठलो, तर डोळे न उघडता म्हणाले, "असू द्या. आत्ता कुठे सुरू होतंय."

एवढा धडधडाट ऐकणारा माणूस स्वभावानं चपळ असेल असं कुणालाही वाटेल. पण आमच्या साडूंइतका सावकाश माणूस मी दुसरा पाहिला नाही. लग्नाच्या पंगतीत लोक हात धुऊन, विडा खाऊन, आहेर करून घरी जातात तेव्हा हे मठ्ठ्याची वाट पाहत असतात. फोनवर त्यांना काही विचारलं की पलीकडे इतकी शांतता पसरते की माणूस फोन कट झाला समजून ठेवून देतो, आणि मग उत्तर द्यायला त्यांचा उलट फोन येतो. स्कूटरवरून ते कर्वेनगरहून माझ्याकडे नारायण पेठेत येतात तेव्हा शाळेतल्या मुली सायकलवरून त्यांना मागे टाकतात. एकदा चौकात वाहतूक पोलिसानं स्कूटर बंद पडलीय समजून त्यांना मागून ढकलत नेलं. पलीकडे गेल्यावर यांनी शांतपणे आभार मानले आणि म्हणाले, "चालूच होती, पण बरं वाटलं." आम्हाला कोल्हापूरला जायचं होतं म्हणून एकदा ते स्वारगेटला सोडायला आले. गाडी आमच्या डोळ्यांदेखत फाटकातून बाहेर पडली. मी तोंडाला येईल ते बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढची गाडी असतेच, एवढंच म्हणाले. आमची मेहुणी, म्हणजे त्यांची बायको, अंगानं आणि जिभेनं विजेसारखी. "अहो, आटपा" हे दोन शब्द ती दिवसातून इतक्यांदा म्हणते की शेजारच्यांचा पोपट ते शिकलाय. मीही म्हणतो. त्यांच्या कचेरीतला शिपाईसुद्धा म्हणतो. या माणसाला कधी कुणी "सावकाश होऊ द्या" म्हटल्याचं मला आठवत नाही.

तर 'गतिरोधक' नावाचा पुण्यातल्या मुलांचा एक बँड आहे. साडू त्यांच्या प्रत्येक कार्यक्रमाला घडीचं स्टूल घेऊन जातात, त्यामुळे ती मुलं त्यांना ओळखतात. या बँडनं दोन वर्षांच्या खंडानंतर एक गाणं काढलं, 'उद्या बघू'. गाणं जडशीळ, संथ, आणि सात मात्रांचं. रॉक ऐकणाऱ्यांना चाराची सवय. पायानं ताल धरावा तर आठव्या पावलाला जमीनच सापडत नाही. गाणं इंटरनेटवर आलं त्याच दुपारी त्याच्याखाली प्रतिक्रियांचा पाऊस पडला. कुणी लिहिलं, 'भावा, हेडफोन खराब झालेत की गाणं?' कुणी लिहिलं, 'हे तेरा आहे, मी तीनदा मोजलंय.' त्याला दुसऱ्यानं उत्तर दिलं, 'तू बारावी पण तीनदाच दिलीस.' कुणी विचारलं, 'शेवटची मात्रा कुठे गेली? एडिटिंगमध्ये कापली का?' आणि या सगळ्या ब्रो-भावांच्या गर्दीत आमचे साडू शुद्ध मराठीत, पूर्णविराम देऊन लिहीत बसले होते: 'आपला अभिप्राय वाचला. आठवी मात्रा कापलेली नाही. तिला बोलावलेलंच नव्हतं.' या उत्तराला मुलांनी इतकी पसंती दिली की ते गाण्याच्याही वर जाऊन बसलं. पोरं आपसात भांडली की मग 'काकांना विचारा' असं लिहू लागली. काका दुसऱ्या दिवशी उत्तर देत.

मी लहानपणी दोन वर्षं तबल्याला गेलेलो. म्हटलं, "अहो, यात एवढं काय? सात म्हणजे आपला रूपक तालच की."

त्यांनी आधी दोघांचा चहा ओतला, बशी पुसली. मग म्हणाले, "असेल. पण रूपकाला लोक मान डोलावतात. इथे लोकांना ठेच लागते." मी चहा संपवला. मग म्हणाले, "मी कुठेही गेलो तरी सगळे माझ्या एक पाऊल पुढे असतात. मला सवय आहे, तक्रार नाही. पण या गाण्यात सगळे अडखळतात आणि मी बरोबर चालतो. हे माझ्या चालीचं गाणं आहे हो." एवढं लांब वाक्य त्यांनी स्वतःच्या लग्नातही म्हटलं नव्हतं. मी त्यांची टिंगल करायच्या तयारीत होतो. केली नाही.

पण गाण्यात एक अवघड जागा होती. मध्येच सगळी वाद्यं थांबतात, नुसत्या टाळ्यांवर सात मात्रांच्या चार फेऱ्या होतात, आणि मग गाणं परत उसळतं. रेकॉर्डमध्ये त्या टाळ्या बँडनंच वाजवल्या होत्या. कार्यक्रमात त्या लोकांनी वाजवाव्यात अशी कल्पना. एका कॉलेजच्या मैदानात पहिल्यांदा प्रयोग झाला. वाद्यं थांबली आणि मैदानभर चाराच्या टाळ्या सुरू झाल्या. बँडनं परत शिरायचा प्रयत्न केला, पण जागाच सापडेना. गिटार एकीकडे, गाणारा दुसरीकडे. शेवटी गाणाऱ्यानं हात वर करून पुढचं गाणं घेतलं. कार्यक्रम संपल्यावर साडू स्टूल काखेत मारून मंचामागे गेले, आणि त्यांना लवकर घरी न्यायचं म्हणून मीही गेलो. ड्रम वाजवणारी मुलगी अमरावतीची, आठवडाभर हिंजवडीत नोकरी करते आणि शनिवार-रविवार ड्रम बडवते. घाम पुसत म्हणाली, "लोकायले सात नाही जमून राहिलं, काका. गणपती झाल्यावर मोठा कार्यक्रम आहे, तिथं एकदा करून पाहू. नाही जमलं तं हे गाणं स्टेजवर बंदच करतो."

साडूंचा चेहरा उतरला. घरी येईपर्यंत ते बोलले नाहीत, अर्थात ते एरवीही बोलत नाहीत. पण दारात चपला काढताना म्हणाले, "पुण्याला सात शिकवलं पाहिजे." आणि ज्या माणसाला साधा गॅस सिलिंडर नोंदवायला आठवडा लागतो, तो दुसऱ्या दिवशी पहाटे टेकडीवर हजर झाला.

त्यांनी त्यासाठी एक युक्ती काढली होती. 'बटाटा भजी भजी' असं मनात म्हणायचं आणि प्रत्येक शब्दाच्या पहिल्या अक्षरावर टाळी द्यायची. बटाटा तीन मात्रा, भजी दोन, पुन्हा भजी दोन, झाले सात. टेकडीवर हास्यक्लबाची मंडळी हात वर करून हसत असतात. त्यांचं हसून झालं की हे त्यांना बटाटा भजी शिकवायचे. एका निवृत्त प्राध्यापकांनी विचारलं, "याचा आरोग्याला फायदा काय?" साडू म्हणाले, "काही नाही." यावर प्राध्यापक खूश होऊन रोज येऊ लागले. विम्याचा हप्ता भरायला आलेली माणसं खिडकीपाशी टाळ्या वाजवताना दिसू लागली. साहेबांनी समज दिली, तर यांनी साहेबांनाही शिकवलं.

गणपतीत तर कहरच केला. सोसायटीच्या गणपतीपुढे आरत्या झाल्या, मंत्रपुष्प झालं, आणि खिरापतीचं ताट हातात घेऊन आमचे साडू उभे राहिले. म्हणाले, आधी टाळी, मग प्रसाद. सोसायटीचे अध्यक्ष इथल्या मूळ गावातले, सोसायटी उभी आहे ती जमीन एके काळी त्यांच्याच घरची. ते म्हणाले, "सायेब, खिरापत देताय का न्हाय? पोरं भुकेली हायेत."

"चुकली की परत सुरुवातीपासून," साडू म्हणाले.

लोक चिडले, हसले, आणि पोटासाठी माणूस काहीही शिकतो त्याप्रमाणे शिकले. दहा दिवस रोज दोन वेळा आरतीपाठोपाठ साताच्या टाळ्या होऊ लागल्या. कुणीतरी त्याचं चित्रण करून गाण्याखाली टाकलं. झालं. बँडची चाहती पोरं पेटली. कोथरूडपासून हडपसरपर्यंत मंडपामंडपांत आरतीनंतर बटाटा भजी सुरू झाली. मेहुणी मला म्हणाली, "भाऊजी, आमच्याकडे आता कुणी बटाट्याची भाजीसुद्धा करत नाही."

मग तो कार्यक्रम झाला. संध्याकाळची वेळ, नदीकाठचं लॉन गच्च भरलेलं. साडू, मेहुणी, मी आणि माझी बायको असे आम्ही चौघं कडेला उभे होतो. साडूंनी स्टूल आणलं होतं, पण बसले नाहीत. 'उद्या बघू' सुरू झालं, रेंगाळत, वजन टाकत. ती जागा आली. वाद्यं थांबली. एक क्षण काहीच नाही, आणि मग हजार हातांची एक टाळी पडली. पहिली फेरी अचूक. अहो, इतकी अचूक की माझ्या अंगावर काटा आला. साडूंनी डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी नजर वळवली. माणसाकडे अशा वेळी टक लावून बघू नये.

दुसरी फेरीही अचूक होती, पण थोडी पुढे होती. तिसरीला माझ्या लक्षात आलं. हे लोक सात मात्रा शिकले होते, पण शिकले होते आरतीच्या मागोमाग, आणि आपल्याकडे आरतीची टाळी चढत जाते. पहिल्या आरतीला शहाण्यासारखी असते, शेवटच्या आरतीला झांजा तुटायच्या बेतात असतात. हे कुणी कुणाला शिकवत नाही, हाताला आपोआप येतं. चौथ्या फेरीला अख्खं लॉन दुप्पट वेगानं टाळ्या पिटत होतं, आणि मात्रा मात्र बरोबर सातच. अमरावतीच्या पोरीनं क्षणभर समोर पाहिलं आणि त्याच वेगात काठी मारली. गाणं सुसाट सुटलं. पोरं हवेत उड्या मारू लागली. माझी बायको, जिला रॉक म्हणजे दगड एवढंच माहीत, तीही उडी मारत होती. साडूंनी डोळे उघडले आणि आपल्या हातांकडे पाहिलं. टाळीसाठी उचललेले हात तसेच राहिले होते.

मंचामागे सगळे त्यांच्या पाया पडायचे बाकी होते. ती मुलगी म्हणाली, "काका, तुमच्यामुळं गाणं वाचलं ना. लोकं पळाले, मंग आम्ही बी पळालो. थांबलो असतो तं पडलं असतं."

"बरोबर केलंत," साडू म्हणाले. "वाचलं हे महत्त्वाचं."

आता ते गाणं असंच वाजतं. बँडनं ते नव्या वेगात पुन्हा रेकॉर्डही केलं. त्याखाली पोरांनी लिहिलं, 'हाच खरा स्पीड', 'जुनं ऐकवत नाही, झोप येते'. काकांना विचारा असंही एकानं लिहिलं होतं. काकांनी उत्तर दिलं नाही. मी एकदा चिडून म्हटलं, "अहो, लिहा ना काहीतरी. तुमचं गाणं होतं ते." त्यांनी नेहमीइतकाच वेळ घेतला. "मी त्यांना सात शिकवलं," ते म्हणाले. "सावकाश शिकवायचं राहून गेलं. ते शिकवावं लागतं हे मला ठाऊकच नव्हतं."

मला फार वाईट वाटलं. आयुष्यात एक गोष्ट या माणसाच्या पावलाशी पाऊल जुळवून चालत होती, ती यानं स्वतःच्या हातानं पुढे पाठवून दिली. आणि कुणाबद्दल एक वाकडा शब्द नाही.

कार्यक्रमांना ते अजून जातात. परवा मी आणि मेहुणी त्यांच्या शेजारी उभे होतो. वाद्यं थांबली, टाळ्या चढत गेल्या, चार फेऱ्या झाल्या आणि गाणं उसळलं. साडूंची तेव्हा दुसरी फेरी चालू होती. डोळे मिटून, गाण्याच्या मूळ वेगात, कुणाच्या अध्यात ना मध्यात. भोवती पोरं उड्या मारत होती. मी सवयीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला गेलो, तर मेहुणीनं माझा हात धरला आणि खाली केला. तिनंही त्यांना 'आटपा' म्हटलं नाही. आम्ही दोघं तसेच उभे राहिलो. तिसरी फेरी झाली, चौथी झाली. त्यांनी डोळे उघडले तोवर मंचावर दुसरंच गाणं लागलं होतं.

"झालं?" मेहुणीनं विचारलं.

"झालं," ते म्हणाले, आणि तिच्याकडे जरा नवलानं बघत राहिले.