पॉलिप आणि पुकारलेलं नाव

बायकांच्या दवाखान्याच्या दारात तीस वर्षं बसून नावं पुकारली, की माणूस लोणच्याच्या बरणीसारखा होतो. झाकण जरा सरकलं की वास सुटतोच!

आमचा दवाखाना तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत. डॉक्टरीणबाई आपल्याच, मराठी बोलणाऱ्या.

एकदा तिरुवैयारूहून सासू-सून आल्या. सुनेला गर्भाशयाच्या तोंडाशी मऊ गाठ, पॉलिप. पडद्याआडून सासूचा आवाज अख्ख्या हॉलला ऐकू आला, "मिरच्या खाते ना, म्हणून!"

बाई म्हणाल्या, "मिरचीचा काही संबंध नाही. कधी जुनी सूज असते, कधी हार्मोन. नक्की कारण आम्हालाही सापडलेलं नाही."

सासू खूश! "तुम्हालाही ठाऊक नाही ना? मग मिरचीच!"

एक मास्तर बायकोला गाठ काढायला आत सोडून कॉफी प्यायला गेले. ऑपरेशन म्हणजे वेळ लागणारच! परतले तर बायको बाकावर.

"अय्यो, भिऊन पळून आलीस?"

"काढूनसुद्धा झालं! माझी कॉफी कुठंय?"

एका फुलवालीला आपली काढलेली गाठ बघायचीच होती. बाईंनी बाटली दाखवली. आत मोगऱ्याच्या कळीएवढी.

"हिच्यासाठी मी तीन महिने रडले?" म्हणाली, आणि बाटलीला अशी तमिळ शिवी हासडली की नर्सनं कान झाकले!

मग हे दुखणं आमच्याच घरी आलं. बायकोची पाळी थांबून बारा वर्षं झालेली, आणि पुन्हा रक्त. कॅन्सरच, असं हिनं मनाशी ठरवून टाकलं. जेवण सुटलं. मी हे सगळे किस्से सांगितले.

"त्या तरण्या होत्या," ती म्हणाली.

खरंच होतं ते. बाईही म्हणाल्या, या वयात तपासायलाच हवं.

"मी नाही येणार. सगळ्यांसमोर तुम्ही माझं नाव पुकारणार?"

आमच्यात नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नाहीत. चाळीस वर्षांत मी "अगं"च्या पुढे गेलो नव्हतो.

शेवटी आली. तिचा नंबर लागला. "अगं..." म्हणालो, तर तीन बायका उठल्या!

नर्स मला ताता, म्हणजे आजोबा म्हणते. ती हळूच म्हणाली, "ताता, चिठ्ठीवरचं नाव वाचा ना."

डोळे मिटले. "अंबुजाबाई!"

ती उठली.

गाठ निघाली, तपासणीला गेली. रिपोर्टच्या दिवशी ती आत, मी दारात. हातातल्या चिठ्ठ्या उलट्या धरलेल्या.

आतून बाईंचा आवाज आला, "साधा पॉलिप! कॅन्सर नाही!"

दार उघडलं. भरल्या हॉलसमोर पदर सावरत ती उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "तुकोजीराव! उठा, घरी चला. आज भरपूर मिरच्या घालून सांबार करते!"